मुंबईच्या समुद्रातील जड धातू व सूक्ष्मशैवले

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या, बहुधा एककोशिक व केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या शैवलांना सूक्ष्मशैवले म्हणतात. करंडक वनस्पती अथवा डायाटम हा त्यांतील प्रमुख गट होय. सागरी अन्नसाखळीचा पाया सूक्ष्मशैवलांनी रचलेला असल्यामुळे कोळीवाड्यांतील मासेमारीही अखेर त्यांच्यावर अवलंबून असते. तांबे व जस्त हे धातू त्यांना लेशमात्र आवश्यक असतात; प्रमाण वाढल्यास मात्र तेच विषारी ठरतात. पारा व शिसे यांचा त्यांना कोणताही उपयोग नसतो.

मुंबईच्या किनाऱ्यास जड धातूंचा उपसर्ग औद्योगिक वाढीबरोबर होऊ लागला. ताडदेव येथील शहरातील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली व पुढे परळ-लालबाग परिसर गिरण्यांनी व्यापला. रंगाईत वापरल्या जाणाऱ्या क्रोमियम व तांबे यांच्या लवणांचा अंश सांडपाण्याबरोबर समुद्रास मिळे. पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या बांधण्यात आल्या. जहाजांच्या तळास शैवले व कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून लावावयाच्या रंगांत तांब्याची संयुगे घालीत. हा धातू शैवलांना मारक असल्यामुळेच वापरला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी ठाणे खाडीवाटे मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळू लागले. या खाडीतील पाऱ्यासंबंधीचे झिंगडे व देसाई यांचे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

तांब्याच्या अतिरेकाने सूक्ष्मशैवलांतील प्रकाशसंश्लेषण मंदावते, तर पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी संयोग पावून एंझाइमांचे कार्य थांबवितो. यावर उपाय म्हणून अनेक जाती गंधकयुक्त पेप्टाइडे तयार करून धातूस कोशिकेतच बांधून ठेवतात. अशी कोशिका जगते. परंतु तिच्यातील धातू प्राणिप्लवकांत व तेथून माशांत जाऊ शकतो.

विषारीपणा धातूच्या एकूण प्रमाणावर नव्हे, तर त्याच्या मुक्त आयनांवर अवलंबून असतो, हे संडा व गिलार्ड यांनी १९७६ मध्ये तांबे व एक करंडक वनस्पती यांवरील प्रयोगांनी दाखविले. मुंबईच्या किनाऱ्यालगत मैल्यातील कार्बनी द्रव्ये व गाळाचे कण धातूंना बांधून ठेवतात आणि त्याच मैल्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शैवलांना पोषक ठरतात. त्यामुळे शैवले विपुल आढळली, तरी पाणी धातुमुक्त आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. सहनशील जाती वाढतात व संवेदनशील जाती मागे पडतात. हा फरक जातवार गणना केल्यासच कळतो.

महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, तर केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या व शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली. तथापि कार्बनी मळाप्रमाणे धातूंचे विघटन होत नाही. ते तळगाळात, पुष्कळदा सल्फाइडांच्या रूपात, साठून राहतात. जलमार्ग खोल करण्यासाठी गाळ उपसला, की त्याचा ऑक्सिजनाशी संपर्क येतो व धातूंचा काही अंश पुन्हा पाण्यात विरघळतो. म्हणून बंद पडलेल्या उद्योगांतील धातूंचा परिणाम सूक्ष्मशैवलांवर त्यानंतरही होऊ शकतो आणि बंदरातील गाळ कोठे टाकावा हे ठरविण्यापूर्वी त्याची तपासणी आवश्यक ठरते.