वर्तनी, हुंडेकरी आणि पेट्रोलवरील कर

रस्ता बांधण्याचा व राखण्याचा खर्च वाटसरूकडून नाक्यावर घ्यावा, कीं त्याच्या वाहनांत जळणाऱ्या तेलावर कर बसवून घ्यावा, हा वाद वरवर पाहतां नवा वाटतो. त्याचें मूळ मात्र बरेंच जुनें आहे. जुन्या लेखांच्या आधारें त्याचा निर्णय कोठवर लागतो, हें येथें पाहावयाचें आहे.

या विषयाचें अत्यंत स्पष्ट विधान कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. सीमेवरील अन्तपालानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण ‘वर्तनी’ घ्यावी. एकखुरी जनावरास एक पण, गुरास अर्धा, लहान जनावरास पाव आणि खांद्यावरील ओझ्यास एक माष, असे दर तेथें दिले आहेत. वर्तनी म्हणजे वाटेचा कर. मालावरील शुल्क त्याहून निराळें. परंतु खरी महत्त्वाची गोष्ट दरांच्या लगेच पुढें आहे. वाटेंत कांहीं हरवलें अथवा चोरीस गेलें, तर त्याची भरपाई अन्तपालानेंच करावी, असा तेथें आदेश आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील नावेच्या उताराचे नियमही याच धर्तीचे आहेत. गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा, रिकाम्या माणसास पावाचा अर्धा. गर्भिणी व प्रव्रजित यांस माफी. आणि नावाड्यांच्या दोषानें नुकसान झाल्यास तें त्यांनीं भरून द्यावें. सारांश, घेणें व देणें हीं एकाच दाव्यानें बांधलेलीं होतीं.

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण हा सातवाहनकालीन जकातीचा, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तेथील लेण्यांतील प्रसिद्ध लेखांत यज्ञांची व दक्षिणांची यादी आहे; त्या रांजणाचा उल्लेख नाहीं. सबब तो पुरावा म्हणून आम्ही येथें घेत नाहीं.

पेशवाईच्या अखेरची स्थिति एल्फिन्स्टननें इ. स. १८१९ च्या आपल्या अहवालांत नोंदविली आहे. माल भरण्याच्या ठिकाणीं थळभरीत, विकण्याच्या ठिकाणीं थळमोड, आणि मधल्या वाटेवर जागोजाग जकातदारांची अडवणूक. या जाचांतून सुटका करणारा वर्ग म्हणजे हुंडेकरी. एक ठराविक रक्कम घेऊन साऱ्या वाटेची जकात तो आपल्या अंगावर घेई, व जकातदारांशीं परस्पर हिशेब करी. मोटारीच्या कांचेवरील ‘फास्टॅग’ची पट्टी इ. स. २०२१ पासून सक्तीची झाली, तिचें काम पुष्कळसें असेंच आहे. फरक इतकाच कीं, हुंडेकऱ्याला व्यापारी जाब विचारूं शके. पट्टीला तो विचारतां येत नाहीं.

इंग्रजी अमलांत बोरघाटाचा गाडीरस्ता इ. स. १८३० मध्यें गव्हर्नर माल्कम यांनीं खुला केला, व इ. स. १८५१ च्या कायद्यानें सडका व पूल यांवर टोल बसविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दुसरा मार्ग पुढें आला तो मोटारी वाढल्यावर. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं इ. स. १९२७ मध्यें नेमलेल्या रस्ते-समितीच्या शिफारसीवरून पेट्रोलवरील कर गॅलनमागें चार आण्यांचा सहा आणे झाला, आणि त्या वाढीव दोन आण्यांतून इ. स. १९२९ मध्यें केंद्रीय रस्ते-निधि उभा राहिला. त्याचा मोठा भाग पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणांत प्रांतांना वांटला जाई. या पद्धतीचे गुण उघड आहेत. नाका नको, अडवणूक नको, वसुलीचा खर्च थोडा, व जो अधिक फिरेल तो अधिक देईल.

परंतु दोषही दोन आहेत. पहिला, जो तेल जाळीत नाहीं तो सुटतो. त्या काळीं लोखंडी धांवेची बैलगाडी सडक उखडीत असूनही या करांतून मोकळी होती. आज विजेवर चालणारी मोटार तशीच मोकळी आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तेलाचा पैसा एका मोठ्या तिजोरींत जातो व तेथें त्याची ओळख पुसते. इ. स. २००० च्या कायद्यानें रस्ते-निधीस वैधानिक रूप मिळालें, इ. स. २०१८ मध्यें त्याच्या नांवांत ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द घालून पाणी, वीज इत्यादि कामांनाही तो खुला करण्यांत आला. तीं कामें आवश्यक असतील. पण रस्त्याच्या नांवें दिलेल्या पैशाचा रस्त्याशीं असलेला संबंध तितका सैल झाला. उलटपक्षीं, मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवरील हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्यें माफ झाला. त्यानें लोकांस सुख झालें, परंतु खर्च नाहींसा झाला नाहीं.

आमचें मत असें. रोजच्या वापराच्या सार्वत्रिक रस्त्यांस तेलावरचा, व पुढें अंतरावरचा, कर योग्य. नवा घाट, पूल किंवा द्रुतगति मार्ग यांस, जेथें वाटसरूला दुसरी वाट मोकळी आहे तेथें, टोल योग्य. पण दोहोंनाही अर्थशास्त्राची अट लागू आहे. जो वर्तनी घेतो त्यानें वाटेची हमी द्यावी. ती नसेल तर नाक्यावरचा पैसा काय आणि पंपावरचा काय, दोन्ही नुसती वसुलीच होय.

हुंडेकऱ्यांचे करार व दस्तकें जुन्या व्यापारी घराण्यांच्या रुमालांत अद्यापि असण्याचा संभव आहे. माल बुडाल्यास हुंडेकरी किती भरून देई, हें त्यांवरूनच कळेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते कसरीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं प्रसिद्ध करावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.