रुसलेली नळी आणि दोघी जणी

केमो घेणाऱ्या काही जणींच्या छातीवर, कातडीखाली, नाण्याएवढी डबी बसवलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. तिची मऊ नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते, म्हणजे दर वेळी हाताच्या शिरा टोचाव्या लागत नाहीत. पण कधी नळी रुसते. औषध आत जातं, रक्त मात्र ओढता येत नाही. मग पोर्ट काढायचंच का? दर वेळी नाही. का नाही, त्याचा इतिहास आज सांगतो. त्यात दोन बायका आहेत.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डेच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांना शिरेतून हृदयापर्यंत नळी न्यायची होती. वरिष्ठांची मनाई होती. हत्यारं गेर्डा डिट्झेन या सिस्टरच्या ताब्यात. प्रयोग आपल्यावर करा, असं म्हणून ती तयार झाली. डॉक्टरांनी तिला टेबलावर बांधलं आणि ६५ सेंटिमीटर नळी घातली स्वतःच्याच शिरेत! मग दोघं एक्स-रेच्या खोलीत गेली. नळी हृदयात पोचली होती. पुढे १९५६ मध्ये फोर्समान यांना दोघांसह नोबेल मिळालं.

१९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी रीत दाखवली: सुईतून तार, तारेवरून नळी. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका आजींनी सडू लागलेला पाय कापून घ्यायला साफ नकार दिला. चार्ल्स डॉटर यांनी तारेवरून नळ्या सरकवून त्यांची अरुंद रक्तवाहिनी रुंद केली. पाय वाचला.

१९८०च्या दशकात पोर्ट रुळले, तेव्हा ही वाट तयारच होती. नळीच्या टोकावर रक्तातल्या तंतूंचं आवरण चढतं. रक्त ओढताना ते झडपेसारखं मिटतं. आधी गुठळी विरघळवणारं औषध नळीत सोडतात. नाही जमलं, तर जांघेतल्या शिरेतून तारेचा फास वर नेऊन ते आवरण सोलून काढतात. टोक भलत्या शिरेत सरकलं असेल, तर फासानेच ओढून जागेवर आणतात. छाती उघडावी लागत नाही. आवरण पुन्हा चढू शकतं, हेही खरं. आणि पोर्टमध्ये जंतू शिरले, तर बहुतेकदा ते काढावंच लागतं.

म्हणून रक्त येईना, औषध जाताना दुखलं किंवा सूज आली, तर सिस्टरना लगेच सांगा. ‘हे आतूनच दुरुस्त होईल का?’ असं डॉक्टरांना विचारा. त्या आजी नाही म्हणाल्या, म्हणून दुसरी वाट शोधली गेली. आपण निदान विचारू तरी.