मुंबई आणि पुणे : राहण्याजोगे नगर कोणते?

मुंबई चांगली की पुणे चांगले, हा वाद महाराष्ट्रात आगगाडीइतका तरी जुना आहे. मुंबईकर पुण्यास पेन्शनरांचे गाव म्हणतो, पुणेकर मुंबईतील खोल्यांस खुराडी म्हणून नाक मुरडतो; आणि सणावारी दोघेही एकमेकांच्या घरी पाहुणचार घेतात. हा वाद बहुधा भाषेची ऐट, हवापाणी आणि दुपारची झोप यांच्या अंगाने रंगतो. तथापि नगर राहण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची इतिहासाची कसोटी याहून रुक्ष आहे. प्यावयास पाणी मिळते काय, हातास काम आहे काय, डोक्यावरचे छप्पर परवडते काय, रोगराईत नगर माणसास सांभाळते काय, आणि ज्यास अन्यत्र कोणी थारा देत नाही त्यास तेथे थारा मिळतो काय, असे पाच प्रश्न विचारून या दोन नगरांकडे पाहिले, तर जुन्या वादाचे स्वरूप पुष्कळच पालटते.

दोन्ही नगरांचा जन्म भिन्न नक्षत्रांवर झाला. पुणे हे सत्तेचे अपत्य होय. शिवरायांचे बालपण लाल महालात गेले. पुढे थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि वाड्याभोवती पेठांमागून पेठा वसत गेल्या. मुंबई हे व्यापाराचे अपत्य. सात बेटांचा हा पुंजका १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजास आंदण मिळाला आणि १६६८ मध्ये त्याने तो वर्षाकाठी अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा पुण्याची सत्ता गेली. आणि सत्तेवर पोसलेल्या नगराने यापुढे कशावर जगावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर पुण्याने विद्येत शोधले. मुंबईपुढे असा प्रश्न कधी पडलाच नाही. बंदर होते, कापूस होता आणि दोहोंवर जगणारी माणसे बोटींतून आणि घाट उतरून येतच होती.

प्रथम पाण्याचा विचार करू. या बाबतीत आरंभी पुणे पुष्कळच पुढे होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून नगरात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. त्या काळी मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवरच अवलंबून होती; विहार तलावाचे पाणी तिला १८६० मध्ये आणि तानशाचे १८९२ मध्ये मिळाले. पुण्यास खडकवासल्याचे धरण लाभले ते १८७९ मध्ये. परंतु हौदात पाणी आहे एवढ्याने ते सर्वांचे होत नाही. पुण्याच्या ज्या वस्त्यांस अस्पृश्य मानले गेले, त्यांस त्या हौदांवर हात लावण्याची मुभा नव्हती. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, ही घटना पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या नळाइतकीच मोलाची मानावी लागेल. नळ बांधणाऱ्याने पाणी नगरापर्यंत आणले. हौद खुला करणाऱ्याने ते माणसापर्यंत पोहोचविले.

कामाच्या प्रश्नात मात्र मुंबईने बाजी मारली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ पासून ती गिरणी चालू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा होताच मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध थांबताच तो ओसरला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु गिरण्या राहिल्या, गोद्या राहिल्या आणि भोंगा वाजताच धावणारी माणसेही राहिली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाल्यावर पुणे आणि मुंबई खऱ्या अर्थाने शेजारी झाली. रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा तरुण मुंबईस पोटासाठी गेला. पुण्यास गेला तो बहुधा शिकण्यासाठी. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली आणि बिऱ्हाड पुण्यास, व्यवहार मुंबईस अशी एक नवीच राहणी सुखवस्तू वर्गात रूढ झाली.

आता घराचा प्रश्न. पुण्याच्या वाड्यास चौक होता, ओटा होता, परसात आड होता आणि मालकाच्या मर्जीवर राहणारी चार-सहा बिऱ्हाडेही होती. मुंबईच्या चाळीस ओटा नव्हता, पण लांबच लांब सज्जा होता. एका खोलीत गावाकडचे दहा-बारा गडी पाळीपाळीने झोपत आणि खाणावळवाल्या बाईच्या हातचे जेवत. वाड्यातील बिऱ्हाड प्रशस्त असे. मात्र भाडेकरूची जात, त्याचे सोवळे आणि त्याच्या घरी येणारेजाणारे यांकडे मालकाची नजर असे. चाळीतील खोली कोंदट असे. परंतु भाडे वेळच्या वेळी दिले म्हणजे फारशी विचारपूस होत नसे. जातीजातींच्या चाळी मुंबईतही निराळ्या होत्या, हे खरे. तरीही गर्दी हीच तेथे दुबळ्याची ढाल ठरली. पुण्यात माणूस ओळखीने राहिला, मुंबईत तो अनोळखीपणाने राहिला. ज्याची ओळख मानाची होती त्यास पुणे सुखाचे वाटले. ज्यास ओळखच नकोशी झाली होती त्यास मुंबई.

रोगराईची कसोटी दोन्ही नगरांस कठीण गेली. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते. परंतु नगरात पटकीची साथ उद्भवल्यामुळे ते ऐन वेळी मुंबईस हलविण्यात आले आणि २८ डिसेंबर रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत भरले. पुण्याचा मान पटकीने हिरावला, असेच म्हणावयाचे! पुढे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि काही महिन्यांतच पुण्यास पोहोचला. पुण्यात रोगाइतकाच रोगनिवारणाचा जाच झाला. घरोघर शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी नगर संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मुंबईत त्याच संकटातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या आणि कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बिऱ्हाड सुमारे वीस वर्षे होते. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले. एका साथीच्या धाकाने उभारलेल्या चाळीने देशाच्या इतिहासास केवढा आसरा दिला, हे या एकाच उदाहरणावरून ध्यानी यावे.

राहिला पाचवा प्रश्न, थाऱ्याचा. त्याचे उत्तर शोधण्यास मुठा ओलांडून जुन्या हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या वाटेस लागावे लागते. धोंडो केशव कर्वे हे कोकणातील मुरूडचे. शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात. शिकवण्या करून त्यांनी १८८४ मध्ये बी.ए.ची परीक्षा दिली. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास पुण्यास आले आणि १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. या गोदूबाई म्हणजे मुंबईच्या बिऱ्हाडातील त्यांच्या सोबत्याची बहीण. आणि त्या शिकल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, जे १८८९ मध्ये मुंबईत निघून पुढच्याच वर्षी पुण्यास आले होते. एका विवाहाच्या कथेत दोन्ही नगरे अशी गुंफलेली आहेत.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. विधवांच्या या आश्रमास कायमची जागा पेठांच्या गजबजाटात लाभली नाही. ज्या पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई फुले मुलींस शिकवू लागल्या आणि वाटेत शेणमातीचा मारा सोसत्या झाल्या, त्या पुण्यास अर्धशतकानंतरही असा आश्रम शेजारी नकोच होता. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये त्या माळावर आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. कॉलेजचे काम आटोपून कर्वे रोज सुमारे चार मैल पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. तेथेच १९१६ मध्ये भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचा प्रारंभ झाला. त्यास बळ आले ते मुंबईहून. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले.

पुण्यात ध्येय जन्मते आणि मुंबई त्यास पैसा पुरविते, असा सोपा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. पुण्याने कर्व्यांस व्यासपीठ दिले, पण जागा वेशीबाहेर दिली. मुंबईने द्रव्य दिले, पण त्याबरोबर विद्यापीठही आपल्याकडे नेले. दोन्ही नगरांनी थोडे दिले आणि थोडे राखून ठेवले. परित्यक्त स्त्रीस खरा थारा दिला तो दोहोंपैकी कोणीही आपला न मानलेल्या एका माळाने.

स्वातंत्र्यानंतर तर भूमिकांचीच अदलाबदल झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठचे जुने पुणे वाहून गेले. नगर मग नदीपासून दूर, चहूकडे पसरू लागले. १९५४ मध्ये पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून मोटारींचे आणि स्कूटरांचे कारखाने आले, शतकाच्या अखेरीस हिंजवडीस संगणकाचा व्यवसाय आला. इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले आणि त्यांतील कित्येकांच्या हातास पूर्वीचे काम पुन्हा कधीच लागले नाही. पोटासाठी मुंबई आणि विद्येसाठी पुणे ही जुनी वाटणी तेथे संपली. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लक्ष आणि पुण्याची ३१ लक्ष भरली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने राहण्यास सुकर अशा नगरांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. पुणेकरांनी पेढे वाटण्याजोगाच तो दिवस! परंतु २०२० च्या क्रमवारीत पहिला मान बंगळूरने पटकाविला आणि पुणे दुसऱ्या स्थानी गेले. २०२१ मध्ये तेवीस गावे सामील होऊन पुणे महापालिकेचे क्षेत्र मुंबईहूनही मोठे झाले. आज पुण्याच्या रस्त्यांवर वाहनांची दाटी आहे, नव्या वसाहतींस टँकरने पाणी विकत घ्यावे लागते आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने दाखविलेला कोप पाहता, २६ जुलै २००५ रोजी मुंबईने जे भोगले ते पुण्यास परके राहिलेले नाही. नगर मोठे होते तेव्हा त्याचे दोषही मोठे होतात. ते मुंबईचे की पुण्याचे, हा भेद मग उरत नाही.

तेव्हा राहण्याजोगे नगर कोणते? क्रमवारी पाणी, रस्ते आणि दवाखाने मोजते, आणि ती मोजणी अवश्य व्हावी. परंतु गंज पेठेचा हौद, परळची चाळ आणि हिंगण्याची झोपडी या तीन वास्तू कोणत्याही क्रमवारीत मावत नाहीत. सुखवस्तू माणूस कोणत्याही नगरात सुखाने राहतो. नगराची परीक्षा होते ती ज्यास दुसरीकडे दार उघडले जात नाही अशा माणसापाशी. हिंगण्याच्या त्या माळाभोवती आज कर्वेनगरच्या उंच इमारती दाटीने उभ्या आहेत आणि जेथे गाव संपत असे तेथून आता गाव पुढे कित्येक मैल गेले आहे. या इमारतींत एकट्या स्त्रीस, परगावच्या विद्यार्थ्यास, परजातीच्या वा परधर्माच्या कुटुंबास भाड्याने खोली सहज मिळते काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून विचारावा. मुंबईकराने तो दादरला विचारावा, पुणेकराने कर्वेनगरला. जेथे उत्तर होकारार्थी येईल, ते नगर राहण्याजोगे म्हणावे.