थांबलेला चक, हवेतला खेळाडू

लेथवरच्या तीन जबड्यांच्या चकाला मिनिटाला बरोबर २००० फेरे द्यावेत, वर जुन्या चोक-स्टार्टरची एकच ट्यूब असावी, आणि चकाकडे बघावे. चक थांबलेला दिसतो. हिशेब साधा आहे. आपल्याकडची वीज ५० सायकलची. प्रत्येक सायकलमध्ये ट्यूब दोनदा उजळते आणि दोनदा मंदावते, म्हणजे सेकंदाला १०० उजेड. चक सेकंदाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश फिरतो. त्याला तीन जबड्यांनी गुणले की तेही १००. दर उजेडाला मागच्या जबड्याच्या जागी पुढचा जबडा हजर. डोळा फसतो आणि त्यामागून हातही फसू शकतो. म्हणून वर्कशॉपमधल्या शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडायच्या, हा जुना नियम आहे. कुपवाड-मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीनवर उभे आयुष्य काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता तेच दिवे पत्र्याच्या उंच छताखाली टांगा आणि खाली बास्केटबॉलचा सामना लावा. फोटो काढायला आलेला माणूस बहुधा तालुक्यातला लग्नाचाच फोटोग्राफर असतो. तो कॅमेऱ्याचे शटर १/५०० वर ठेवतो आणि लेअपला उडालेल्या मुलीचे पाठोपाठ पाच फोटो घेतो. दोन उजळ येतात, एक मेणचट पिवळा, दोन काळवंडलेले. कॅमेरा बिघडलेला नसतो. दर फोटोत दिव्याच्या लाटेचा वेगळा तुकडा सापडलेला असतो. कधी माथा, कधी पायथा. शटर १/१०० वर आणले की प्रत्येक फोटोत लाट अख्खी मावते आणि पाचही फोटो सारखे उजळ येतात. आणि पाचही हललेले येतात.

‘फोटो हलला’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. हात हलला की खेळाडू हलला, हे त्यात सांगावे लागत नाही. दोष ना घेणाऱ्याचा, ना समोरच्याचा. हलला तो फोटोच. हॉलमधल्या बास्केटबॉलच्या फोटोंची सगळी कुळकथा म्हणजे हे हलणे थांबवण्याची कथा. प्रस्तुत लेखकाचा पक्ष असा, की ते थांबवण्याची युक्ती स्टुडिओतून आलेली नाही. ती वर सांगितलेल्या चकाच्या कुळातली आहे, फिरत्या चाकापासून जन्मलेली.

खेळाची स्वतःची हकीकत सर्वांना माहीत आहे, ती एका दमात सांगून टाकू. डिसेंबर १८९१, अमेरिकेतले स्प्रिंगफील्ड, बाहेर बर्फ; जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. भारतात खेळ पसरला तो वायएमसीएच्या वाटेने. मद्रासला १९२० साली हॅरी बक यांनी सुरू केलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली, फेडरेशन १९५० साली आले.

या हकीकतीतली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाही. पहिल्या संघाचा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो व्यायामशाळेच्या बाहेरचा आहे. खेळाडू पायऱ्यांवर ओळीने बसले-उभे आहेत, सोबत नेस्मिथ, चेंडू आणि टोपल्या. मुद्दाम घरात खेळण्यासाठी शोधलेला खेळ, आणि त्याचा फोटो काढायला सगळ्यांना उन्हात आणून बसवलेले! आत, हिवाळ्याच्या उजेडात, उड्या मारणारा माणूस त्या काळच्या काचेवर उमटणेच शक्य नव्हते.

सातारा-सांगलीत हा खेळ आला तोही उन्हातच राहिला. पाचगणीच्या निवासी शाळा काय, १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा काय, आपल्याकडे बास्केटबॉल म्हटले की डोळ्यांपुढे येते ते सिमेंटचे उघडे कोर्ट, तापलेली रिंग आणि जाळीचे लोंबणारे चार धागे. त्यात कमीपणा काही नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येसुद्धा बास्केटबॉल उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर खेळवला गेला होता; अंतिम सामना पावसाच्या चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. उन्हातल्या कोर्टावर फोटोग्राफरचे काम सोपे असते. १/१००० चे शटर सहज मिळते, सावलीसुद्धा करकरीत येते. अडचण हॉल बांधल्यावर सुरू झाली. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक नेमके पावसाळ्यात येते, साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस तर सांगायलाच नको, म्हणून सामने आत गेले. स्प्रिंगफील्डला जे बर्फाने केले ते इथे पावसाने केले, आणि फोटो हलायला लागले.

आता मूळ शब्दाकडे. हॉलमध्ये खेळाडू गोठवणाऱ्या दिव्याला जगभर ‘स्ट्रोब’ म्हणतात. वरातीतल्या डीजेच्या गाडीवर लखलखणाऱ्या दिव्यालाही आपण तेच म्हणतो, म्हणून शब्दाचा अर्थ ‘लखलखाट’ असावा असे वाटते. तो तसा नाही. ग्रीक ‘स्ट्रोबोस’ म्हणजे गरगर फिरणे. मराठीत अर्थ करायचा तर गरका, भोवंड. व्हिएन्नाच्या सायमन श्टाम्फर यांनी १८३२-३३ च्या सुमारास चिरा पाडलेल्या चकत्या केल्या. फिरती चकती आरशासमोर धरून चिरांतून बघितले की तिच्यावरची चित्रे हलताना दिसत. या चकत्यांच्या नावात त्यांनी तो ग्रीक शब्द वापरला. त्याच वेळी बेल्जियममध्ये जोसेफ प्लातो यांनी तसेच खेळणे केले होते, आणि पहिला कोण हा वाद अजून चालतो. प्लातो काही आठवडे पुढे होते असे मानणारे जास्त आहेत. आपल्या कथेला त्याने फरक पडत नाही. शब्द श्टाम्फरचा टिकला, आणि शब्दात दिवा नाही, चाक आहे.

आपल्याकडे या फसवणुकीची उलटी बाजू फार आधी नोंदलेली आहे. अंधारात कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे अख्खे वर्तुळ दिसते. वर्तुळ नसतेच, ठिणगी एकच असते. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात हाच दृष्टान्त घेतला, प्रकरणाचे नावच ‘अलातशान्ति’. अलात म्हणजे कोलीत. मर्दानी खेळात पेटत्या बनाट्या फिरताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना भाष्याची गरज नाही. कोलितातून वर्तुळ होते, आणि स्ट्रोब त्या वर्तुळाचे पुन्हा कोलीत करतो. इतकेच त्याचे काम.

थांबवण्याची युक्ती चाकापासून आली, या मताला विरोधक आहेत, आणि त्यांचे म्हणणे वरवर पटणारे आहे. त्यांच्या मते हॉलमधला फोटो हा फोटोग्राफरांच्या फ्लॅशचा सरळ वंशज. १८८७ साली जर्मनीत मिथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर केली. १९२९-३० च्या सुमारास काचेत कोंडलेला फ्लॅश बल्ब बाजारात आला. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. बाप, मुलगा, नातू. पण पावडरीचा बार उडाला की धुराने हॉल भरायचा, दुसरा फोटो विसराच. बल्ब एकदाच चालायचा आणि हाताला चटका देऊन जायचा. मुख्य म्हणजे दोन्ही जळून प्रकाश देत, आणि जळायला वेळ लागतो. साधा बल्ब सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास जळत राही. तेवढ्यात सेकंदाला सात मीटर वेगाने जाणारा चेंडू चौदा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून जास्त. हे घराणे उजेड देते, पण थांबवत नाही.

दुसरे विरोधक मायब्रिजचे घोडे पुढे करतात. १८७८ ची ती धावत्या घोड्यांची चित्रमालिका थोरच. पण ती कॅलिफोर्नियाच्या उन्हातली आहे; हॉलमध्ये तिचा उपयोग नाही.

तिसरा दावेदार मात्र खरा तगडा. इंग्लंडच्या फॉक्स टॅलबट यांनी १८५१ साली ‘द टाइम्स’चा छापील कागद एका चक्राला चिकटवला, चक्र जोरात फिरवले, अंधारात लेडन जारच्या विद्युत ठिणगीने फोटो घेतला, आणि अक्षरे वाचता आली. मूळ पुरुषाचा मान त्यांना द्यावाच लागतो. पण त्यांनी थांबवले काय? फिरते चक्रच.

पुढची पिढी १९२६ ते १९३१ या वर्षांतली. हॅरल्ड एजर्टन हा नेब्रास्कातल्या ऑरोरा गावचा मुलगा बोस्टनजवळच्या एमआयटीत विजेच्या मोटरवर संशोधन करत होता. सिंक्रोनस मोटरवरचा भार एकदम बदलला की आतला रोटर कसा वागतो, हा प्रश्न. रोटर फिरताना दिसणार कसा? प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या रेक्टिफायरमधून दिव्यासारखे झटके येत होते, आणि त्या झटक्यांत फिरता रोटर त्याला स्थिर दिसला. आपल्या लेथवरचाच चमत्कार! कुपवाडच्या कामगाराने जे धोका म्हणून ओळखले तेच एजर्टनने अवजार म्हणून उचलले. १९३१ साली त्याला त्या कामावर डॉक्टरेट मिळाली. मग तो नळाचे पाणी, दुधाचा थेंब, गोल्फचा फटका, फुटबॉलला बसणारी लाथ यांच्याकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे मोठे फ्लॅश विमानात बसवून रात्री जमिनीचे फोटो घेतले गेले.

इथे नकाशावर सांगलीकडे बोट ठेवायचा मोह आवरत नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिली; ती आजची किर्लोस्करवाडी. हेच राजे स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. १९३८ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ सचित्र प्रसिद्ध केले. लाहोरला स्टुडिओ चालवलेले पंडित सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधलाच येऊन राहिले. म्हणजे एकाच छोट्या संस्थानात फिरती चाके होती, व्यायाम करणारी शरीरे होती आणि कॅमेरा-कुंचला कळणारी माणसेही होती. पण औंधचे सूर्यनमस्कार ठरलेल्या स्थितींच्या मालिकेचे. फोटोपुरती एकेक स्थिती धरून ठेवली की फोटो हलत नाही, मग थांबवणारा दिवा हवा कशाला? लेखकाचा कयास असा की औंधला अडचणच पडली नाही, म्हणून शोधही लागला नाही. एमआयटीतल्या रोटरला ‘जरा थांब’ म्हणून सांगता येत नव्हते.

दिवा खेळाडूंपर्यंत नेला तो ग्यॉन मिली याने. जन्म अल्बानियातला, शिक्षण एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे, नोकरी वेस्टिंगहाउस कंपनीत दिव्यांवरच्या संशोधनाची. १९३७ साली एजर्टनशी गाठ पडली आणि १९३९ पासून तो ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी फोटो काढू लागला. नर्तक, वादक, खेळाडू, जे हलते ते त्याचे. १९४९ साली त्याने पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन अंधारात हवेत चित्र काढायला लावले. शटर उघडे ठेवल्याने दिव्याची रेघ उमटली, आणि मध्येच फ्लॅश मारल्याने पिकासो जागच्या जागी गोठला. कोलीत आणि स्ट्रोब एकाच निगेटिव्हवर.

अमेरिकेतल्या मोठ्या हॉलमध्ये पुढे हे फ्लॅश छताच्या तुळयांवर चढले. चारी कोपऱ्यांत, खेळाडूच्या नजरेच्या वर. समोरून मारलेला फ्लॅश फ्री थ्रो टाकणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडचे आयोजक ‘फ्लॅश बंद’ म्हणून ओरडतात ते योग्यच आहे. छतावरच्या संचाचीही एक किंमत असते. एकदा पेटला की पुन्हा भरायला काही सेकंद जातात. क्षण चुकला तर चुकला.

ज्यांच्या छतावर असे काही नाही त्यांच्यासाठी भौतिकशास्त्राने एक सवलत ठेवली आहे. पाय जमिनीवरून पंचेचाळीस सेंटिमीटर वर उचलणारा खेळाडू सुमारे ०.६ सेकंद हवेत असतो, आणि त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या चतुर्थांशात, म्हणजे अकरा-एक सेंटिमीटरांत घालवतो. तिथे तो खरोखर जवळजवळ थांबलेला असतो. जाणता फोटोग्राफर चेंडूमागे कॅमेरा पळवत नाही, रिंगजवळ फोकस धरून त्या माथ्याची वाट बघतो. अलीकडचे कॅमेरे दिव्याच्या माथ्याचीही वाट बघतात: कॅननने २०१४ साली सेव्हन-डी मार्क टू मध्ये लखलख ओळखणारी सोय दिली. दिव्याची लाट माथ्यावर आली की मगच शटर उघडते. लेथवरच्या चकाने जे फुकट दाखवले ते कॅमेऱ्याच्या पोटात शिरायला इतकी वर्षे लागली.

पण असा कॅमेरा तालुक्यातल्या प्रत्येक फोटोग्राफरकडे नसतो. म्हणून ज्यांच्या हाती नवे क्रीडा संकुल किंवा जुन्याची दुरुस्ती आहे, त्या इंजिनिअर मंडळींना एक विनंती. छताचे दिवे लावताना शेजारचे तीन दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर घ्या; एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढता असतो. खर्च थोड्या जादा वायरचा. पद्धत नवी नाही, एमआयडीसीतल्या कोणत्याही जुन्या वायरमनला विचारा.