जाणून घ्या : बैलाच्या शिंगाजवळचा मेलेला तारा आणि गॅमा किरणांचा हिशोब

रब्बीची ज्वारी राखायला रात्री रानात जाणाऱ्याला मृग, रोहिणी वेगळी दाखवावी लागत नाही. रोहिणीचा तांबूस तारा म्हणजे वृषभेचा, बैलाचा डोळा. त्याच बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ क्रॅब नेब्युला, म्हणजे खेकडा तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दुर्बीण लागते.

१०५४ साली चीनमधल्या लोकांनी तिथं तारा फुटलेला पाहिला. २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. (अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं, म्हणजे खरा फुटला त्याच्या कितीतरी आधी.) उरला तो गाभा, म्हणजे पल्सर. रुंदी जेमतेम २०-२५ किलोमीटर, पण वजन सूर्यापेक्षा जास्त आणि सेकंदाला ३० गिरक्या! ही गिरकी रोज किंचित मंदावते. त्यातून सुटणारी ऊर्जा सूर्याच्या लाखपटीहून जास्त आहे आणि ती इलेक्ट्रॉनसारख्या कणांचा वारा होऊन बाहेर पडते.

आता मॉडेल म्हणजे काय? पुठ्ठ्याचं नव्हे, आकड्यांचं. विहिरीत आवक किती अन् मोटार उपसते किती, तसा इलेक्ट्रॉनचा जमाखर्च मांडायचा. चुंबकीय क्षेत्रात फिरताना हे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी, प्रकाश आणि क्ष-किरण देतात. तेच आसपासच्या प्रकाशकणांना धडकले की त्यांना जोर देऊन गॅमा किरण बनवतात. दोन्हींचं प्रमाण ताडून चुंबकीय क्षेत्र किती ते निघतं. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच दमतात. तरी मेघ हजार वर्षांनंतरही पेटलेलाच आहे, म्हणजे पल्सरकडून आवक चालू आहे.

रेडिओची बाजू टिपायला आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना. गॅमा किरण मात्र जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. ते हवेत आदळतात तेव्हा निळसर प्रकाशाची क्षणभर चमक उठते. ती पकडायला मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमध्ये हानले इथं, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर आरशाची 'मेस' दुर्बीण उभारली. उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ ला झालं. अंधाऱ्या, निरभ्र रात्रीच तिचं काम चांगलं चालतं.

गोची पुढं आहे. चीनच्या 'लासो' वेधशाळेनं २०२१ मध्ये याच मेघातून इतक्या प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण आल्याचं जाहीर केलं, की नुसत्या इलेक्ट्रॉनवर हिशोब बसवताना ओढाताण होते. सोबत प्रोटॉनही असतील का, यावर वाद चालू आहे.