वातानुकूलन व तापन कंत्राटदारांचे परवाने (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात वातानुकूलन किंवा तापन यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदारासाठी त्या व्यवसायाच्या नावाने दिला जाणारा स्वतंत्र राज्य परवाना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या कामासाठी 'सी-२०' हा वेगळा परवाना-वर्ग आहे. भारतात कायदा व्यवसायापेक्षा कामातील धोक्याकडे पाहतो, म्हणून वीज, वाफेचा दाब आणि प्रशीतक वायू यांचे नियम निरनिराळ्या यंत्रणांकडे विभागलेले आहेत. दुकाने व आस्थापना अधिनियम (२०१७) किंवा वस्तू व सेवा कर यांखालील नोंदणी ही केवळ धंद्याची नोंद असते; तिच्यावरून कारागिराचे कौशल्य सिद्ध होत नाही.

विद्युत काम

प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा परवाना विजेचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियमांनुसार (२०२३, त्यापूर्वी २०१०) ग्राहकाच्या जागेतील विद्युत संचमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच करावे लागते. कामावर सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची थेट देखरेख आणि प्रत्यक्ष हात चालवणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना, अशा आणखी दोन अटी आहेत. महाराष्ट्रात ही कागदपत्रे अनुज्ञापक मंडळामार्फत दिली जातात.

या नियमाला एक अपवाद आहे आणि गैरसमजही बहुतेक वेळा त्याच्याभोवतीच होतो. २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलताना मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर परवानाधारक आवश्यक नाही. म्हणजे जुना एसी काढून त्याच जोडणीवर तेवढ्याच भाराचा नवा बसवणे अपवादात येते. परंतु पूर्वी केवळ दिवे-पंखे असलेल्या खोलीत एसीसाठी मीटरपासून वेगळी तार ओढणे येत नाही. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेतो. दिव्यांच्या बारीक तारेवर तो जोडला, तर तार तापून आगीचा धोका संभवतो. उपकरण विकणाऱ्या दुकानाचा माणूस ते भिंतीवर उत्तम बसवू शकेल, पण एवढ्याने तो विद्युत कंत्राटदार ठरत नाही.

गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या घाटमाथ्यावर या नियमाला अधिक अर्थ आहे. तेथील थंड हवेमुळे एसीपेक्षा पाणी तापवणाऱ्या उपकरणांची गरज जास्त. पावसाळाभर भिंती ओलसर राहतात, त्यामुळे न्हाणीघरातील गिझरला योग्य भूसंपर्कन (अर्थिंग) आणि गळती होताच वीज तोडणारे साधन नसेल, तर धक्का जिवावर बेतू शकतो.

बाष्पके

घरगुती गिझर बाष्पक कायद्याच्या कक्षेत येत नाही. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची किंवा पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आतच तापवणारी पात्रे कायद्यातील व्याख्येतून वगळलेली आहेत. मोठ्या बाष्पकांची नोंदणी, तपासणी आणि दुरुस्ती मात्र राज्याच्या बाष्पके संचालनालयाच्या नियंत्रणाखाली असते. गगनबावडा तालुक्यातील डॉ. डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखान्यासारख्या उद्योगांना या तरतुदी लागू होतात. तेथे बाष्पक चालवणाऱ्यालाही पात्रतेचे प्रमाणपत्र लागते. १९२३ च्या बाष्पक कायद्याची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे.

प्रशीतक वायू

भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सहभागी झाला आणि २००० मध्ये ओझोन क्षय करणाऱ्या पदार्थांचे नियम आले. त्यांनुसार आर-२२ सारख्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. दाबाखालील सिलिंडर भरणे व साठवणे यांसाठी गॅस सिलिंडर नियम (२०१६) लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

वायू हाताळणाऱ्या तंत्रज्ञाबाबत मात्र नियमांत मोठी पोकळी आहे. अमेरिकेत अशा तंत्रज्ञाला केंद्रीय प्रमाणपत्र सक्तीचे आहे. भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कौशल्य विकास योजनांतून लहान प्रशिक्षणेही मिळतात, तरी प्रमाणपत्राविना काम करण्यास बंदी नाही. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन हा तीव्र ज्वलनशील आहे. त्यांची गळती शोधणे किंवा नळीला झाळ देणे हे काम आर-२२ च्या जुन्या सवयीने करणे धोकादायक ठरते.