हवाईचे मधुपक्षी

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरच आढळणारा, फिंच कुळातील पक्ष्यांचा समूह. लाखो वर्षांपूर्वी आशियातून आलेल्या एका पूर्वजापासून पन्नासहून अधिक जाती येथे उत्क्रांत झाल्या. बिया फोडणाऱ्या जाड चोचींपासून मकरंद शोषणाऱ्या लांब, वाकड्या चोचींपर्यंत त्यांच्यात विलक्षण विविधता आहे. इइवी हा शेंदरी रंगाचा पक्षी सर्वांत देखणा. विळ्यासारखी चोच फुलांच्या वक्र नळीत घालून तो मकरंद पितो व परागणही करतो. ओहिआ वृक्षाची लाल फुले हे त्याचे मुख्य अन्न. त्याच्या पिसांपासून हवाईतील सरदारांचे झगे बनत.

या पक्ष्यांची कहाणी दुःखद आहे. मूळच्या हवाईत डास नव्हते. ते 1826 च्या सुमारास जहाजातून आले आणि पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला. त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसल्याने अनेक जाती नष्ट झाल्या. उरलेल्यांपैकी अनेक जाती सुमारे 1,500 मीटरवरील थंड अरण्यांत तगून आहेत. मात्र तापमानवाढीमुळे डास तेथेही पोहोचत आहेत. त्यांची पैदास रोखण्यासाठी 2023 पासून माउई बेटावर वोल्बाकिया जिवाणूयुक्त नर डास सोडले जातात. अशा नरांशी मीलन झालेल्या जंगली माद्यांची अंडी उबत नाहीत.